तेविसावं नाव

ज्या वर्षी माझं आणि माझ्या लेकीचं लग्न एकाच मांडवात लागायचं होतं, त्या वर्षी माघात मी दिल्लीला गेले. परराष्ट्रमंत्र्यांच्या बंगल्यामागे हिरवळ होती. तिथे आमच्यासाठी खुर्च्या मांडल्या होत्या. खुर्च्या बावीस आणि आम्ही बाया तेवीस. तेविसावी मी. मी खाली हिरवळीवर बसले.

"वनशे, वर ये की," माझी जाऊ चंद्री म्हणाली. "अर्ध्या अर्ध्या बसू दोघी."

"नको. बोलावणं तुला हाय. तूच बस."

बोलावणं खरंच तिला होतं. मंत्र्यांच्या कचेरीतून आलेल्या कागदावर लिहिलं होतं, लाडक्या नवश्या खेवरा याची बायको चंद्री. माझं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. चंद्रीला एवढ्या लांब एकटीने जायची भीती वाटली, म्हणून सोबतीण म्हणून मी.

आई आणि लेक एका मांडवात म्हटलं की बाहेरच्यांना हसू येतं. आम्हा वारल्यांत त्यात काही नवल नाही. लग्न लावायचं म्हणजे गावजेवण आलं, ताडी आली, लग्न लावणारी धवलेरी बाई आली. ते सगळं जमेपर्यंत बाई आणि बाप्या तसेच एकत्र राहतात, पोरंबाळं होतात, आणि जमलं की मग हळद लागते. मी आणि जान्या एकोणीस वर्षं असे राहत होतो. पण मनकीला चांगलं घर चालून आलं, आणि आईबापाला हळद लागल्याशिवाय लेकीला लागत नाही. म्हणून ठरलं की वैशाखात एकच मांडव घालायचा. आधी आम्ही, मग ती. त्या मांडवासाठी जान्या बोटीवर गेला.

बोटीवर चढायला मच्छीमाराचं कार्ड लागायचं. जान्याने अर्ज देऊन वर्ष झालं होतं, कार्ड आलं नव्हतं. त्याच्या धाकट्या भावाचं, लाडक्याचं, कार्ड मात्र घरात पडून होतं, कारण लाडक्याच्या पायाला गळू झालं होतं आणि त्याला जाता येणार नव्हतं. शेठचा माणूस खलाशी गोळा करायला आला तेव्हा जान्याने ते कार्ड खिशात घातलं. दोघांचा तोंडवळा सारखा. त्यातून कार्डावरचा फोटो खाऱ्या पाण्याने इतका पांढरा झाला होता की त्यात कोणीही बसला असता. हे खोटं आहे असं आमच्या पाड्यावर कुणालाच वाटलं नाही. एकाची कोयती दुसरा नेतो, तसं ते कार्ड.

दिवाळीच्या आधी बोट पल्याड धरली गेली. पल्याड म्हणजे पलीकडचा देश. आमच्या किनाऱ्यावर त्याचं नाव घेत नाहीत, पल्याड एवढंच म्हणतात. पुढे तिकडून धरलेल्या खलाशांची यादी आली. आमच्या गावांतली तेवीस नावं होती, आणि शेवटचं होतं, लाडक्या नवश्या खेवरा.

लाडक्या तेव्हा अंगणात बसून दोरी वळत होता.

मच्छीमार संघटनेचे अनंत दवणे म्हणून एक होते. आमच्यासाठी फार फिरले. त्यांना खरी गोष्ट सांगितली तर त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "इथून कळवलं की लाडक्या घरीच आहे, तर तिकडचा माणूस कुणाचाच राहणार नाही. लाडक्याला कुठंतरी पाठवा. आणि तोंड उघडू नका."

लाडक्या दुसऱ्या दिवशी नाशिककडे द्राक्षाच्या बागेत कामाला गेला. तलाठी आणि पोलीस चौकशीला आले, तेव्हा चंद्रीने अंगठा दिला की माझा नवरा समुद्रावर गेला तो आला नाही. त्यांना चहा मी दिला. तलाठ्याने कप घेताना विचारलं, "तुम्ही कोण?"

"शेजारीण," मी म्हटलं.

कागद वर गेला. पौषात निरोप आला की तेवीसही जणांची ओळख पटली, होळीपर्यंत सोडतील. त्याआधी मंत्री स्वतः बोलणी करायला पल्याड जाणार होते, आणि जाण्यापूर्वी त्यांना घरच्या माणसांना भेटायचं होतं. असे आम्ही दिल्लीला गेलो. स्टेशनवर कुणी कुणी फोटो काढले, संघटनेच्या कचेरीत चंद्रीच्या अंगावर शाल घातली, खलाशाची बायको म्हणून. थंडी मरणाची होती. चंद्रीने शाल मला देऊ केली. मी घेतली नाही.

मंत्री बाहेर आले ते घरच्या माणसासारखे. ठेंगणे, टक्कल पडलेले, अर्ध्या बाह्यांचं स्वेटर, पायात लोकरी मोजे आणि वर चप्पल. मधुसूदन सातघरे त्यांचं नाव. नागपूरच्या बाजूचे, त्यामुळे मराठी बोलायचे. त्यांच्या मागून एक माणूस संत्र्यांची टोपली घेऊन आला.

"घरच्या झाडाची आहेत," ते म्हणाले. "खा. लाजू नका."

खाल्लं कुणीच नाही. सगळ्यांनी संत्री पदराला बांधली, पोरांसाठी.

आमच्यात भिवारी म्हणून एक म्हातारी होती. तेविसांत तिचे एकटीचे दोन मुलगे धरले गेले होते, पण तिची जीभ काही धरली गेली नव्हती. तिने विचारलं, "साहेब, तुम्ही मोठे का पंतप्रधान मोठे?"

"पंतप्रधान मोठे."

"पण तुम्ही मंत्री ना? मग आमच्या खाडीवरचा पूल तेवढा करून टाका. पावसाळ्यात पोरं शाळेत जात नाय."

मंत्री हसले. "आजी, पूल माझ्याकडे नाही. ते दुसरं खातं."

"मग पोलीस तुमच्याकडं?"

"पोलीसही नाही. ते गृहमंत्र्यांकडे."

"रेशन?"

"नाही."

"मग तुमच्याकडं हाय तरी काय?" भिवारीने विचारलं. दवणेभाऊ मागून तिला खुणावत होते, गप्प बस म्हणून.

मंत्र्यांनी खरंच विचार केला. म्हणाले, "माझ्याकडे बोलणं आहे. आपल्या देशाच्या वतीने बाहेरच्या देशांशी मी बोलतो. पलीकडे माझा एक शिपाईसुद्धा चालत नाही. मी तुरुंगाचं दार उघडू शकत नाही. दार ज्यांचं आहे त्यांच्याशी बोलायचं, एवढंच माझं काम."

"म्हणजे सोयरीक जमवतो तो मधला माणूस," भिवारी म्हणाली.

"बरोबर. तसंच."

"मग जपून ऱ्हा बाबा. मधल्या माणसानं एका घरी खोटं सांगितलं का त्याला पुन्हा कोणी अंगणात बसवत नाय."

सगळे हसले. मंत्रीही हसले. बोट दाखवून म्हणाले, "या आजीला माझ्या खात्यात घ्या."

मग कामाला सुरुवात झाली. बत्रा नावाच्या एक अधिकारी बाई होत्या. मांडीवर फाइल, नाकावर चष्मा. मागच्या एका वेळेस सुटून आलेल्यांत एक भलताच माणूस निघाला होता, म्हणून या वेळी आपल्या वकिलातीतला माणूस तुरुंगात जाऊन प्रत्येकाच्या अंगावरच्या खुणा लिहून आला होता. इथे घरच्यांनी खूण सांगायची. जुळली की नावापुढे बरोबरची खूण. हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं. दवणेभाऊंनाही माहीत नसावं. त्यांचा चेहरा उतरला.

बत्राबाई हिंदीत विचारायच्या, दवणेभाऊ आम्हाला सांगायचे. एकीने सांगितलं, उजव्या हाताच्या करंगळीचं पेर तुटलंय. बरोबर. एकीने सांगितलं, पाठीवर गोंदलंय. बरोबर. भिवारीने तर दोन्ही मुलांच्या अंगावरचे तीळ, चट्टे, डाग सांगायला घेतले ते तिला थांबवावं लागलं.

तेविसावं नाव आलं. लाडक्या नवश्या खेवरा.

"कपाळावर डाव्या बाजूला तीळ," चंद्री म्हणाली. तिच्या नवऱ्याच्या कपाळावर होताच तो.

बत्राबाईंनी कागद बघितला. मान हलवली. "और कुछ?"

चंद्री गोंधळली. "हनुवटीवर दगड लागला होता. खोक पडलेली."

बत्राबाईंनी पुन्हा मान हलवली आणि पेन उचललं. पेनाचं टोक त्या नावावर गेलं. मला वाचता येत नव्हतं, पण पेन कुठे आहे ते दिसत होतं.

"डाव्या मांडीवर भाजल्याचा डाग," मी खालून म्हणाले. "गुडघ्याच्या वर. माझ्या तळहाताएवढा. आणि उजव्या पायाचा अंगठा नखाशिवाय हाय."

पेन थांबलं. बत्राबाईंनी कागद वाचला, मंत्र्यांना दाखवला. मंत्र्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच पाहिलं.

"तुम्ही कोण?"

मी काही बोलायच्या आत दवणेभाऊ म्हणाले, "बहीण, साहेब. लाडक्याची सख्खी बहीण."

"अस्सं." मंत्र्यांचा चेहरा सैल झाला. "लहानपणी भाजलं असेल. बायकोला कधीकधी सांगत नाहीत माणसं, पण बहिणीला ठाऊक असतं." बत्राबाईंना ते हिंदीत म्हणाले, लिहून घ्या, बहिणीने ओळखलं. मग माझ्याकडे वळून, नुसतं विचारायचं म्हणून विचारलं, "बहीण ना तुम्ही?"

चंद्रीने खुर्चीवरून पाय लांब करून माझ्या पाठीला टोचला. हो म्हण.

"नाय," मी म्हटलं. "माझ्याच हातून पेजेचं मडकं सांडलं त्याच्यावर. आम्ही घर केलं त्याच वर्षी. मी त्याची बायको हाय. त्याचं नाव जान्या. लाडक्या त्याचा भाऊ, तो नाशिकला हाय."

हिरवळीवर माळी पाणी मारत होता. बत्राबाईंनी पेन फाइलीवर ठेवलं.

मंत्र्यांनी दवणेभाऊंना जवळ बोलावलं आणि सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. मधेच एकदा म्हणाले, "कार्ड काय, कोयती आहे का?" मग एक खुर्ची स्वतः उचलून माझ्याजवळ आणून ठेवली आणि म्हणाले, "वर बसा, वनशीबाई."

मी बसले.

"आता माझी अडचण ऐका. पुढच्या आठवड्यात मी तिकडे जाऊन सांगणार की हे तेवीस जण आमचे, यांची नावं खरी, यांची ओळख आम्ही पटवली. त्यांच्याकडे माझ्या शब्दाशिवाय दुसरा पुरावा नाही. मला माहीत नसतं तर मी हे नाव घेतलं असतं. आता माहीत झालं."

"मग जान्या म्हणून सांगा," मी म्हटलं. "तो आमचाच हाय."

"सांगणार. पण त्यांच्या तुरुंगात जान्या नावाचा माणूस नाही. तिथे लाडक्या आहे. नवं नाव म्हणजे नवी चौकशी. इथली, मग तिथली. ते या यादीत बसत नाही."

"आणि हेच ऱ्हाऊ दिलं तर? लाडक्याच म्हटलं तर?"

त्यांनी भिवारीकडे पाहिलं. भिवारीचे दोन मुलगे त्याच यादीत होते. सगळ्याच बाया माझ्याकडे बघत होत्या, आणि काहीजणींची नजर बरी नव्हती.

"एक नाव खोटं निघालं तर ते बाकीचे बावीस ठेवून घेतील," मंत्री म्हणाले. "आणि पुढच्या वेळी दुसऱ्या कुठल्या किनाऱ्यावरचे दोनशे धरले जातील, तेव्हा मी किंवा माझ्या जागी जो असेल तो बोलायला जाईल, आणि त्याला अंगणात बसवणार नाहीत."

मी विचारलं, "किती दिवस?"

"पुढची यादी सहा महिन्यांनी. नाही जमलं तर त्याच्या पुढची." ते उठले. "मी स्वतः लिहून ठेवतो. मी उद्या या खुर्चीत असेन, नसेन. पण फाइलीवर जे लिहिलं जातं ते माझं नसतं, सरकारचं असतं. पुढच्याला ते पाळावं लागतं."

त्यांनी तिथेच लिहून घेतलं. जान्या नवश्या खेवरा, बायको वनशी. बत्राबाईंनी शाईचा डबा पुढे केला. मी अंगठा उठवला. निघताना मंत्री सगळ्यांसमोर म्हणाले, "या बाईने खरं सांगितलं. सोपं नव्हतं." मी खाली बघत होते. अंगठ्याची शाई पदराला पुसली तर पदर निळा झाला आणि अंगठाही निळाच राहिला.

परतीच्या गाडीत माझ्याशी कुणी बोललं नाही. मथुरा गेल्यावर चंद्री म्हणाली, "बहीण म्हणायला काय जात होतं तुझं?"

मी पदरातली संत्र्याची गाठ आवळली.

"माझा पुरुष मी लपवून ठेवला तुझ्यासाठी," ती म्हणाली. "तलाठ्यासमोर अंगठा दिला. नवरा जिवंत असताना रडून दाखवलं. आणि तुला बहीण म्हणता आलं नाय?"

"उचल तुझी शाल, खाली पडलीय," मी म्हटलं. तेवढंच बोलले.

लाडक्या नाशिकहून परत आला. पोलिसांनी दोनदा बोलावून दम दिला आणि सोडून दिलं. फाल्गुनात बावीस जण सुटून आले. मी स्टेशनवर गेले होते. जाऊ नको म्हणत होते सगळे, तरी गेले. गाडीतून एकेक माणूस उतरला, भिवारीचे दोन्ही मुलगे उतरले. त्यातला धाकटा माझ्याजवळ आला. "काकी, जान्याकाका बरा हाय," म्हणाला. "आम्हाला निघायला सांगितलं तेव्हा तोपण पिशवी भरून उभा होता. मग त्याला बाजूला घेतला."

वैशाख तसाच गेला. मनकीच्या सासरकडचे म्हणाले, थांबू वर्षभर. भले लोक.

तुरुंगात चिठ्ठी पाठवता येते हे दवणेभाऊंकडून कळलं. पहिली चिठ्ठी मी अंगणवाडीच्या शेवंताबाईंकडून लिहून घेतली. पण दुसऱ्याच्या हातून नवऱ्याला काय सांगणार? पाऊसपाणी, शेळी व्याली, एवढंच. म्हणून मी शेवंताबाईंना म्हटलं, मलाच शिकवा. दुपारी पोरं झोपली की त्या मला पाटी द्यायच्या. तेव्हा माझं वय छत्तीस-सदतीस असेल. कोयती धरलेल्या हातात पेन्सिल मोडायची. पहिल्यांदा जान्या लिहायला शिकले, मग नवश्या, मग खेवरा. वनशी सगळ्यात शेवटी.

आश्विनात त्याची चिठ्ठी आली. त्याला लिहिता येत नव्हतं, कुणा सोबतच्या कैद्याने लिहून दिली होती. मी ती एका दुपारी पूर्ण वाचली, अक्षराला अक्षर लावत. त्यात होतं, "आता हजेरीला जान्या म्हणतात. आधी लाडक्या म्हणायचे, तेव्हा मला हाक दिलेली कळायची नाही आणि शिव्या बसायच्या. आता बरं वाटतं. पोट जरा दुखतं. मांडवाला बांबू आपल्या बांधावरचे काढा, विकत घेऊ नका."

सहा महिन्यांच्या यादीत त्याचं नाव बसलं नाही, थोडक्यात राहिलं. तोवर दिल्लीत सरकार बदललं. सातघरे मंत्री राहिले नाहीत. दवणेभाऊ म्हणाले, आता पुन्हा पहिल्यापासून. पण तसं झालं नाही. नव्या मंत्र्यांनी फाइल उघडली, त्यात जे लिहिलं होतं ते मानलं, आणि पौषात निरोप आला की जान्या नवश्या खेवरा हे नाव यादीत पहिलं आहे. होळी झाली की सोडतील.

होळी झाली. त्यानंतर आठ दिवसांनी मुंबईच्या विमानतळावरून गाडी आली आणि त्यातून पेटी उतरवली.

पेटीवर दोन कागद चिकटवले होते. एक त्यांच्या अक्षरात, एक आपल्या. पोलीस पाटील वाचायला पुढे झाला. मी म्हटलं, थांबा. मी बोट लावून वाचलं. नाव बरोबर होतं. तीनही शब्द बरोबर होते.

धवलेरी म्हातारी गर्दीतून पुढे आली. ती म्हणाली, हिला हळद लागल्याशिवाय हिच्या लेकीला लागायची नाय, आणि हिला आता कधी लागायची? असं आमच्यात पूर्वी कुणी केलेलं मला माहीत नाही. पण तिने चंद्रीला हळद वाटायला लावली, थोडी पेटीच्या झाकणाला लावली आणि थोडी मला. गाणं पूर्ण म्हटलं, एकही ओळ सोडली नाही. मग आम्ही त्याला नेलं. वैशाखात त्याच अंगणात मनकीचं लग्न लागलं. बांबू बांधावरचेच होते.

पावसाळ्याच्या तोंडाला सातघरेसाहेब आले. मंत्री असताना आले असते तर गाड्यांची रांग लागली असती. आता एसटीच्या फाट्यापासून दवणेभाऊंच्या मोटारसायकलवर मागे बसून आले. पिशवीत संत्री होती. बिनमोसमाची, विकतची.

ओट्यावर बसले. पाणी प्यायले. मग म्हणाले, "वनशीबाई, मी त्या दिवशी तुम्हाला विचारायला नको होतं. दवणे बहीण म्हणाले, बत्राबाई लिहीत होत्या. मी गप्प बसलो असतो तर तो होळीला घरी असता. मी ही गोष्ट मनात पुष्कळ वेळा फिरवून पाहिली. प्रत्येक वेळी मी विचारतोच."

"तुमचं कामच ते," मी म्हटलं.

"तुमचं नाव न घेता मी पुष्कळ ठिकाणी सांगितलं. दिल्लीत सांगितलं, बाहेरच्या देशांत सांगितलं. एक बाई, स्वतःचा नवरा अडकलेला, तरी खोटं बोलली नाही. लोक मान खाली घालून ऐकायचे."

चंद्री दारात उभी होती. लोकांना ती गोष्ट माहीत होती, ती अशीच. दवणेभाऊही सभांत अशीच सांगायचे. मी आजवर कुणालाच काही म्हटलं नव्हतं.

"साहेब," मी म्हटलं, "मी खरं बोलायचं म्हणून बोलले नाय. तलाठ्याला मी शेजारीण म्हणून सांगितलं, तेपण खोटंच होतं. लाडक्याला लपवला, तेपण खोटं. खोट्याचं मला काय नव्हतं."

"मग?"

"आमच्यात म्हणतात, चार माणसांत ज्याला भाऊ म्हटलं त्याच्याशी हळद लागत नाय. दोन-तीन महिन्यांवर मांडव होता. एकोणीस वर्षं थांबले होते त्याच्यासाठी. मला वाटलं, तुमच्यासारख्या माणसापुढं, सरकारच्या कागदावर भाऊ लिहिला, तर मग तो यायचा कशाला? शेजारीण चालली असती मला. आणि कुणीपण चालली असती. बहीण नाय."

सातघरेसाहेबांनी चष्मा काढला. धोतराच्या टोकाने पुसत बसले. चंद्री दारातून आत गेली. आतून भांडी हलवल्याचा आवाज आला, आणि मग ती चहा घेऊन बाहेर आली. पहिला कप तिने मला दिला, पाहुण्याच्या आधी.

"फाइलीत मी काय लिहिलंय, ठाऊक आहे?" थोड्या वेळाने साहेब म्हणाले. "सदर महिलेने स्वेच्छेने सत्य सांगितले."

"ऱ्हाऊ द्या तसंच," मी म्हटलं. "ते सरकारचं हाय."

जाताना त्यांनी मला एक वही दिली. म्हणाले, लिहिता येतं ना आता. ती पुष्कळ वर्षं कोरी होती. हे तिच्यातच लिहिते आहे.

सातघरेसाहेब त्यानंतर चार वर्षांनी, दिवाळीच्या पाडव्याला, त्यांच्या गावी वारले. भिवारी म्हातारी त्याच वर्षी गेली. माझा नवरा जान्या नवश्या खेवरा आमच्या लग्नाआधी, होळीला चार दिवस असताना, बुधवारी सकाळी, पल्याडच्या तुरुंगात काविळीने वारला.